सोलापुरातल्या समुद्राचं शेवाळ

प्रिय अजिंक्य,

आशीर्वाद आहेतच, ते शेवटी घे. आधी माझं गाऱ्हाणं ऐक, कारण तुझा समुद्र पुन्हा हिरवा झालाय. सोमवारी पदर खोचून, बाही दंडापर्यंत वर करून मी तुझ्या माशांच्या टँकमधला एकेक दगड जुन्या टूथब्रशने घासला. ते केसाळ शेवाळ मुठीमुठीने उपटलं, बादलीत टाकलं, पाणी बदललं, काच पुसली. कंबर धरली ती अजून सुटलेली नाही. आणि आज गुरुवारी बघते तर दगडांना परत मिशा फुटल्यात! मागच्या कोपऱ्यात, पंपाच्या तोंडाशी तर चांगली दाढीच. एवढा राग आला म्हणून सांगू, हातातलं फडकं काचेवर फेकून मारलं. तुझी ती केशरी पट्ट्यांची माशांची जोडी घाबरून दगडाआड पळाली. पळू दे. मला बघून पळण्याशिवाय त्या दोघांनी दुसरं काही केलंय का कधी?

हे सगळं फोनवर सांगितलं असतं की. पण फोनवर तुझं ठरलेलं आहे. मी मुद्द्यावर आले की नेमका तुझ्या रामेश्वरला वारा सुटतो आणि 'आई, आवाज तुटतोय' सुरू होतं. व्हॉट्सॅपवर लिहावं, तर तू एक अंगठा पाठवून मोकळा होतोस. शिवाय घरात अण्णांचे कान. तुझे वडील गॅलरीत, कान हॉलमध्ये. म्हणून शाळेतल्यासारखी कागद-पेन घेऊन बसलेय. अण्णा जेवून झोपलेत. लिहून झालं की पानांचे फोटो काढून पाठवीन. सगळी पानं ओळीने वाच. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी उघडायचास, ते इथे चालणार नाही.

परवा तू म्हणालास, आई, तुझ्याच्याने होत नसेल तर राहू दे, मी माझ्या मित्राला, गुरुराजला सांगितलंय, तो रविवारी पुण्याहून गाडी घेऊन येईल आणि मासे, प्रवाळ, काच, पंप सगळं उचलून नेईल, तुझी सुटका होईल. माझी सुटका! किती समजूतदार लेक. अरे, दोन वर्षांपूर्वी जाताना माझ्या गळ्यात ही घोरपड कुणी बांधली? थोडेच दिवस सांभाळ म्हणाला होतास. खारं पाणी कसं करायचं, मीठ किती घालायचं, फेस काढणाऱ्या मशीनचा डबा कधी ओतायचा, सगळं एका संध्याकाळी दाखवलंस आणि सिद्धेश्वर एक्स्प्रेससारखा वेळेवर सुटलास. मी आयुष्यभर झेडपीच्या शाळेत दुसऱ्यांची पोरं सांभाळली. रिटायर झाल्यावर जरा बसेन म्हटलं, तर तू मला मासे दिलेस.

आणि सुटका होईल हे तू का बोललास ते माहितेय मला. तुला वाटतंय शेवाळ माझ्यामुळे येतंय. 'आई, खरं सांग, तू खाणं जास्त टाकतेस ना?' हे तू किती वेळा विचारलंस! दर वेळी मी सांगते, नाही रे बाबा. दर वेळी तू असा 'बरं' म्हणतोस की समोर असतास तर एक ठेवून दिली असती. एक दिवसाआड, चिमूटभर, तेही तुझ्या बारशाच्या चांदीच्या चमच्याच्या टोकावर राहील एवढंच. खाऊन उरलेलं पाण्यात कुजतं, कुजलं की फॉस्फेट वाढतं आणि फॉस्फेटवर शेवाळ पोसतं, हे तूच मला शिकवलंस. मी विद्यार्थिनी म्हणून काही मठ्ठ नाही.

लाइट कमी करायला सांगितलास, केला. आता संध्याकाळी हॉलमध्ये चाचपडत चालते. शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई मागवल्यास, आल्या. त्यातली एक रात्रीतून काच चढून बाहेर पडली आणि सकाळी माझ्या पायाखाली आली. फॉस्फेट शोषणारी ती पिशवी पंपाजवळ लटकवली. टेस्ट किटमध्ये थेंब टाकून, पावडर टाकून, नळी हलवून हलवून मनगट दुखलं. रंग दर वेळी गडद निळा तो निळाच, म्हणजे फॉस्फेट जास्तच. मग म्हणालास पाण्यात खोट असेल, फिल्टर बदल. बदलला. बाळा, सोलापुरात पाणी कसं येतं ते विसरलास का? चार-पाच दिवसांनी नळ सुटतो तेव्हा अख्खी गल्ली जागची हलत नाही. ड्रम, घागरी, कळशा, अगदी पातेल्याची झाकणंसुद्धा लोक भरून ठेवतात. आणि मी त्या पाण्यातलं पहिलं चांगलं पाणी आरओच्या मशीनमधून गाळून तुझ्या माशांसाठी काढून ठेवते. मशीन जे पाणी बाहेर टाकतं त्यात आम्ही भांडी घासतो, लादी पुसतो. वरच्या मजल्यावरची काशम्मा तर हसते मला. परवा खाली आली, टँककडे बघून म्हणाली, अय्यो बाई, एवढी चिंता कशाला, तुरटी फिरवा की, गढूळ पाण्याला आपण तेच करतो. आणि खोटं कशाला बोलू, मी तुरटीचा खडा हातात घेऊन टँकपाशी उभी राहिले होते. इतकी मेटाकुटीला आले होते मी. देवाने बुद्धी दिली म्हणून खडा परत डब्यात ठेवला.

आता अण्णांचं सांगते. तुझ्याइतकाच वैताग त्यांनीही आणलाय मला, फक्त तो इथल्या इथे असतो एवढाच फरक. श्रीपूरच्या साखर कारखान्यातली लॅबची नोकरी एका हंगामात सोडून तू समुद्रातल्या माशांची पिल्लं वाढवायला गेलास, तेव्हापासून ते तुझ्याशी बोललेले नाहीत, हे तुला मी नव्याने सांगायला नको. पहिल्या दिवाळीला तू आलास तर हे मंगळवेढ्याला शेतावर जाऊन बसले. तू गेल्यावर आले. कोणी चौकशी केली की सांगतात, "लोकं रामेश्वरला देव बघाया जात्यात, आमचं ध्यान मासं बघाया गेलंय." टँकचं नाव त्यांनी डबकं ठेवलंय. "त्या डबक्यापायी हितं माणसानं बादलीभर पाण्यात अंघुळ करायची व्हय?" असं नळाच्या दिवशी हमखास ऐकवतात. तुझा फोन आला की उठून गॅलरीत जातात. आणि मी फोनवर ओरडते म्हणून तू चिडतोस ना, 'आई, जेवलास का, काय जेवलास हे इतक्या मोठ्याने विचारायची काय गरज, मी बहिरा नाही'? तू बहिरा नाहीस रे राजा. पण गॅलरी लांब आहे.

तू गुरुराजचं ठरवलंस ते मंगळवारी मी त्यांना सांगितलं. वाटलं खूश होतील. "बरं झालं, ब्याद जातीय," म्हणाले आणि पेपर तोंडावर धरला. संध्याकाळी मात्र मला माळ्यावरची त्यांची पिशवी काढून द्यायला सांगितली. रविवारी पहाटेच्या एसटीने मंगळवेढ्याला जायचंय म्हणे, बांधाचं काहीतरी काम निघालंय. मी म्हटलं, अहो, जमीन वाट्याने दिलेली, गुडघा हा असा, आता कसलं बांधाचं काम? तर म्हणाले, "हाय एक." मी आपली पिशवी काढून दिली आणि मनात म्हटलं, घ्या, रविवारी गुरुराजला चहा करायला आणि टँक उचलायला मीच.

आणि मग काल, बुधवारी, काय झालं ते ऐक. दुपारी अण्णांचं ताट वाढलं. हल्ली ते हॉलमध्येच स्टुलावर ताट घेऊन जेवतात, गुडघ्यामुळे खाली बसता येत नाही म्हणून. पण हॉलमध्येच का, तर मी समजत होते टीव्हीसाठी. ताट देऊन मी काशम्माची वाटी परत करायला वर गेले. जिन्यात लक्षात आलं, वाटी ओट्यावरच राहिली. परत फिरले. दार नुसतं लोटलेलं होतं, ते ढकलणार तेवढ्यात आत कोणीतरी बोलताना ऐकू आलं. म्हटलं कोण आलंय? फटीतून बघते तर अण्णा. तुझ्या टँकपाशी उभे. दुखरा गुडघा स्टुलावर टेकवलेला, टँकचं झाकण एका हाताने उचलून धरलेलं आणि दुसऱ्या हातात भाकरीचा चतकोर. बोटांनी अगदी पीठ होईस्तोवर चुरत होते आणि पाण्यात सोडत होते. आणि तुझी ती जोडी, मला बघून पळणारी, त्यांच्या बोटांशी येऊन टोचा मारत होती!

"हौश्या, धर. पवळ्या, तू सर की मागं, त्याला खाऊ दे."

अजिंक्य, मी दाराला धरून उभी राहिले. हौश्या-पवळ्या आठवतात का तुला? तू प्राथमिक शाळेत होतास. तेव्हा आपण गावात राहायचो आणि अण्णा शेत करायचे. भाकरी ताटात पडली की अण्णा आधी चतकोर मोडायचे, उठायचे, दावणीला जाऊन तो दोघांना वाटून चारायचे आणि मग हात धुऊन जेवायला बसायचे. दारात बांधलेलं जनावर उपाशी असताना आपण घास घ्यायचा नाही, असं त्यांच्या वडिलांपासूनचं चालत आलेलं. कालवण गार होतं म्हणून मी किती चिडायचे! पुढे गुडघा गेला, जमीन वाट्याने दिली, बैल विकायचे ठरले. न्यायला माणसं आली त्या दिवशी अण्णांना उजनीकडच्या पाहुण्यांकडे अचानक काम निघालं. बैल मी सोडून दिले. हे दुसऱ्या दिवशी आले, मोकळ्या दावणीकडे बघितलं आणि ताटावरून तसेच उठले. त्यानंतर आपण सोलापूरला आलो. त्यांचा तो पहिला चतकोर इथे कधी कावळ्याला जायचा, कधी खालच्या कुत्र्याला. गुडघ्याचं दुखणं वाढलं, रोज जिना उतरणं बंद झालं. मग तो चतकोर कुठे जातो हे मी, रोज ताट वाढणारी बाई, कधी विचारलंसुद्धा नाही.

आता तूच विचार कर, माझ्या जिवाचं काय झालं असेल. महिनोन्महिने घासतेय, उपसतेय, तुझी बोलणी खातेय, पार रडकुंडीला आलेय, आणि इकडे हा माणूस रोज दुपारी मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी तुझ्या समुद्रात कालवतोय! पहिल्यांदा तर वाटलं, दार उघडावं आणि गल्ली गोळा होईल एवढं भांडावं. आणि हो, मागे मी तुला वाळूतल्या पांढरट कणांचा फोटो पाठवला होता, आठवतंय? तू मोठ्या थाटात सांगितलंस, आई, तो दगडांचा गाळ आहे, साचतोच. गाळ! आपल्या शेतातली भाकरी तुला ओळखू आली नाही, आणि निघालास मला शिकवायला. त्यासाठी तू माझी माफी मागायचीस. फोनवर, तीही ओरडून.

पण मी दार उघडलं नाही, कारण ते अजून बोलत होते. झाकण हळूच खाली ठेवलं, बोटं धोतराला पुसली आणि काचेशी वाकून म्हणाले, "रविवारी तुमाला न्यायला येणार हायती. मी नसन हितं. माझ्यावर रुसू नगा, तुमचा मालक मी न्हाय. मालक लई शाना हाय. गेला समिंदराला, अन् तुमाला ठिवलं सोलापुरात." मग काचेवरचा थेंब अंगठ्याने पुसला आणि म्हणाले, "लई वाळलाय म्हणं. हिच्या फोनात दिसला मला, लांबनं."

मग स्टुलावर बसले आणि गार झालेलं जेवण जेवले. मी तशीच पाय न वाजवता वर गेले. काशम्माने विचारलं, वाटी कुठेय? मी म्हटलं, विसरले. तिच्या पलंगावर बसले आणि डोळ्याला पदर लावला. ती बिचारी माझ्यासाठी पाणी आणायला धावली.

तर आता नीट ऐक, हे पत्र मी कशासाठी लिहिलं ते. गुरुराजला आजच्या आज फोन करून सांग, रविवारी येऊ नकोस. दुसऱ्यांदा ह्या माणसाची दावण मी माझ्या हाताने मोकळी करणार नाही. पण भाकरी थांबायलाच हवी, नाहीतर तुझ्या त्या जांभळ्या प्रवाळावर शेवाळ चढत चाललंय, तो गुदमरेल आणि मागोमाग मासेही जातील. हे मी त्यांना सांगू शकत नाही. मी तोंड उघडलं तर "मी कशाला घालू, मला काय येड लागलंय?" म्हणतील आणि उद्यापासून टँककडे पाठ करून बसतील. पाणी स्वच्छ होईल आणि घरात एक शब्द ऐकू येणार नाही. तू मात्र सांगू शकतोस. उद्या दुपारी, त्यांच्या जेवणाच्या वेळेला, माझ्या नाही, त्यांच्या फोनवर फोन कर. रागाव त्यांच्यावर. म्हण, अण्णा, माझ्या माशांना भाकरी कोण घालतंय? ते तुला चार शिव्या देतील, घेऊन टाक. मग त्यांना सांग की चतकोर ताटातच राहू द्या, चमच्याच्या टोकावरचं ते खाणं आजपासून तुम्हीच घाला, आईच्या हातून मासे खात नाहीत. हे खरंच आहे, माझा अपमान झाला तरी चालेल. आणि जेवलास का म्हणून विचारलं, तर काय काय जेवलास ते सगळं सांग, अगदी लोणच्यासकट. तुझ्यापायी आणि त्यांच्यापायी मी अर्धी झाले रे, आता हा दगड तुम्ही दोघं मिळून घासा. एकच लक्षात ठेव. त्यांनी फोन उचलला आणि नुसतेच गप्प राहिले, तर आवाज तुटतोय म्हणून ठेवून देऊ नकोस. थांब. माशांशी बोलायलाही त्यांना काही एका दिवसात जमलं नसेल.

तुझीच,
हात खारट, पाठ मोडकी आणि डोकं गरम झालेली,
आई